मेरापीच्या उतारावरचं खेडं: राहणं, जमीन आणि सुरक्षितता (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंडोनेशियाच्या जावा बेटावर योग्यकर्ता शहराच्या उत्तरेला स्लेमान जिल्हा आहे आणि त्याच्या माथ्यावर मेरापी ज्वालामुखी. या उतारावरच्या खेड्यांबद्दल मराठी माणसं मला सतत विचारत असतात. कुणाची मुलगी योग्यकर्त्याला शिकायला येणार असते, कुणाचं इथल्या मुलाशी लग्न ठरलेलं असतं, कुणी पश्चिम जावातल्या कारखान्यात उमेदीची वर्षं काढून आता डोंगराजवळ घर शोधत असतं. त्यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रथा आणि पदांची नावं या भागातली आहेत. जमिनीच्या कायद्याचा गाभा मात्र देशभर एकच आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बहुतेक नुकसान तिथेच होतं. इथे सुरक्षितता शेजाऱ्यांकडून मिळते आणि मालकी फक्त कागदातून. शेजारी कितीही जिवाभावाचे असले तरी त्यांच्या शब्दावर जमीन तुमची होत नाही, आणि कागद कितीही पक्का असला तरी मध्यरात्री तो मदतीला धावून येत नाही.

1. देसा, दुसून, आरटी, आरडब्ल्यू… यातलं "आमचं गाव" नेमकं कोणतं?

देशात इतरत्र जिल्ह्याखाली कचामातान आणि त्याखाली देसा असतो. योग्यकर्ता प्रांतात त्याच पातळ्यांना कापानेवोन आणि कालुराहान म्हणतात. कालुराहानचा प्रमुख लुराह. एका कालुराहानमध्ये अनेक वाड्या असतात. वाडी म्हणजे पाडुकुहान (इतरत्र दुसून), तिचा प्रमुख डुकुह. वाडीची विभागणी आरडब्ल्यूत आणि त्याच्या पोटात आरटीत होते. काही डझन घरांची एक आरटी, आणि तिचा प्रमुख त्याच गल्लीतला एखादा शेजारी. ही शेजारगटाची रचना दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी अंमलात आली आणि नंतर टिकून राहिली. लोक "माझं गाव" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा पाडुकुहान असतं. तुमचं बहुतेक काम मात्र आरटी प्रमुखाकडे असेल, म्हणून त्याचं घर पहिल्याच दिवशी पाहून ठेवा.

2. चार दिवस ओळखीच्यांकडे राहायला येतोय. कुठे नोंद करावी लागते का?

हो. गावाच्या तोंडाशी "पाहुण्यांनी 24 तासांत कळवावं" अशा अर्थाची पाटी दिसेल. यजमानाबरोबर आरटी प्रमुखाकडे जायचं, पासपोर्टची प्रत द्यायची, चहा घ्यायचा आणि परत यायचं. परदेशी पाहुण्याची माहिती इमिग्रेशनने मागितली तर ती देणं यजमानावर कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून त्यालाही एक प्रत देऊन ठेवा. भारतीयांना आगमनानंतरचा व्हिसा मिळतो. तो 30 दिवसांचा असतो आणि एकदा वाढवता येतो. त्या व्हिसावर कुठलंही काम करता येत नाही, आणि शाळेत हौसेने इंग्रजी शिकवणंसुद्धा अडचणीत आणू शकतं.

3. आरटीची मासिक सभा दर वेळी वेगळ्या तारखेला कशी येते? आम्ही दोनदा चुकवली.

कारण ती मासिक नसते, 35 दिवसांनी येते. जावातल्या पंचांगात सात वारांबरोबर पाच दिवसांचं दुसरं चक्र चालतं: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. "रविवार पोन" अशी जोडी ठरली की ती बरोबर 35 दिवसांनी परत येते. गावातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दोन्ही नावं छापलेली असतात, तीच घ्या.

नवखा माणूस आणखी एका ठिकाणी चुकतो. "शुक्रवारची रात्र" म्हणजे इथे गुरुवारी मावळतीनंतरची रात्र. शनिवारी रात्री सभा ठेवायची असेल तर निरोप "रविवारच्या रात्री" असा येतो. निरोप मिळाला की तारीख विचारून खात्री करून घ्या, त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

4. केर्जा बाक्ती, रोंडा, रेवांग हे सगळं सक्तीचं आहे का? पैसे देऊन सूट मिळते का?

केर्जा बाक्ती म्हणजे गटार, रस्ता, दफनभूमी साफ करायला सगळ्यांनी सकाळी एकत्र जमणं. रोंडा म्हणजे पुरुषांची रात्रीची गस्त, आळीपाळीने. रेवांग म्हणजे कुणाच्या घरी कार्य असलं की आदल्या दिवसापासून स्वयंपाकाला हातभार लावणं. न आल्याबद्दल काही आरटींमध्ये ठरावीक रक्कम घेतात. ती भरली की हिशेब मिटतो, पण ओळख वाढत नाही. आजारी माणूस, म्हातारी माणसं, शहरात रात्रपाळी करणारा यांना कुणी काही म्हणत नाही.

परदेशी माणसाकडून कुदळ मारण्याची अपेक्षा नसते. कोयता हातात घेऊन अर्धा तास गवत कापलंत आणि नंतर सगळ्यांबरोबर चटईवर बसून गोड चहा घेतलात नि तळलेलं तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) खाल्लंत तर तुमची हजेरी लागली. बायकांच्या बाजूला रेवांगला फार महत्त्व असतं. तिथे हातात सुरी घेऊन कांदा चिरता चिरता गावातली प्रत्येक खबर कळते, आणि संकटाच्या वेळी कुणाच्या घरी म्हातारं माणूस एकटं आहे हेही तिथूनच माहीत झालेलं असतं (प्रश्न 16 पाहा).

5. दाराशेजारी खिळ्याला छोटा डबा का टांगलेला असतो?

तो जिम्पितानचा. पूर्वी त्यात मूठभर तांदूळ ठेवत, आता बहुतेक ठिकाणी नाणं. रात्री गस्तीवरची माणसं घरोघरी फिरून ते गोळा करतात आणि वहीत खूण करतात. त्या पैशातून पथदिव्याचा बल्ब, आजाऱ्याला भेट, मयताचा खर्च असं निघतं. रक्कम नगण्य असते. खरं मोल असतं ते रोज रात्री कुणीतरी प्रत्येक दारापाशी येऊन जातं याला. डबा दोन-तीन रात्री रिकामा दिसला की दुसऱ्या दिवशी कुणीतरी "सगळं ठीक ना?" विचारायला येतं.

6. आम्ही शाकाहारी आहोत. गावात निभेल का?

घरी उत्तम निभतं. तेम्पे, तोफू, फणस, पपईची पानं, शेवग्याचा पाला, नारळ, सगळं ताजं आणि स्वस्त मिळतं. बाहेर मात्र भाजीत सुक्या कोळंबीची तेरासी किंवा कोंबडीचा रस असतो आणि विकणाऱ्याच्या लेखी ते मांस नसतं. त्यामुळे "मांस नको" एवढं सांगून भागत नाही, एकेक पदार्थाचं नाव घेऊन विचारा. केंदुरीहून, म्हणजे शेजाऱ्यांच्या सामूहिक प्रार्थनेच्या जेवणातून, घरी येणाऱ्या डब्यात कोंबडी असणारच. डबा परत करू नका. घ्या, आणि कामाला येणाऱ्या मावशींना किंवा शेजारच्या मुलांना द्या.

7. शेजारी मयत झालंय. काय करायचं, काय नाही?

बातमी मशिदीच्या भोंग्यावरून येते: नाव, वय, वेळ. दफन बहुधा त्याच दिवशी होतं. अंगभर, गडद कपडे घालून जा. दारातल्या पेटीत पाकीट टाका, घरच्यांशी दोन्ही हातांनी हात मिळवा आणि मांडवातल्या खुर्चीवर बसून राहा. बोलायला काही सुचलं नाही तरी चालतं, बसून राहणंच पुरेसं असतं. धर्म वेगळा म्हणून कुणी अडवत नाही. प्रार्थनेच्या वेळी शांत उभं राहावं. वर्षभरात एकच गोष्ट जमणार असेल तर ही करा. लग्नाला न गेलेलं लोक विसरतात, मयताला न आलेलं विसरत नाहीत.

8. रात्री भीती वाटते का? चोऱ्या होतात?

वाडीच्या आत, फारशी नाही. सगळ्यात जास्त जातात मोटारसायकली, त्याही किल्ली लावून ठेवलेल्या. रस्त्यावरची गोष्ट वेगळी. योग्यकर्ता परिसरात मध्यरात्रीनंतर दुचाकीवरून फिरणाऱ्या पोरांच्या टोळ्या धारदार शस्त्रांनी अनोळखी माणसावर वार करतात. याला इथे क्लितिह म्हणतात आणि बळी बहुतेक तरुण असतात. शिकायला आलेल्या मुलामुलींनी रात्री उशिरा वर्तुळाकार महामार्गावरून एकट्याने दुचाकी नेऊ नये, असं मी प्रत्येक पालकाला सांगते.

गस्तीच्या चौकीत लाकडी किंवा बांबूचा केंतोंगान टांगलेला असतो. ठोक्यांची संख्या ठरलेली असते: चोरी, आग, नैसर्गिक आपत्ती यांचे ठोके वेगळे. थोडेफार फरक गावागणिक असतात, म्हणून चौकीतला तक्ता मोबाइलवर टिपून ठेवा. न थांबता जलद ठोके पडले तर मोजत बसू नका, बाहेर या. पोलिसांसाठी 110, रुग्णवाहिकेसाठी 119, शोध-बचाव पथकासाठी 115. गावात मात्र केंतोंगानने माणसं आधी जमतात.

9. परदेशी माणूस इथे जमीन विकत घेऊ शकतो का?

पूर्ण मालकीने नाही. 1960 च्या मूलभूत कृषी कायद्यानुसार हाक मिलिक, म्हणजे वंशपरंपरेने चालणारी पूर्ण मालकी, फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळते. परदेशी माणसापुढे दोन सरळ मार्ग आहेत.

पहिला हाक पाकाई, म्हणजे वापराचा हक्क. वैध निवास परवाना असलेल्याला घरासाठी तो मिळू शकतो. 2021 च्या नियमांप्रमाणे मुदत 30 वर्षं, वाढ 20 वर्षं, नूतनीकरण 30 वर्षं. पण परदेशी माणसाने घ्यायच्या घराला प्रांतानुसार किमान किंमत ठरलेली आहे आणि ती खेड्यातल्या साध्या घराच्या कितीतरी पट असते. त्यामुळे वाडीत हा मार्ग कागदावरच राहतो.

दुसरा भाडेपट्टा, आणि बहुतेकांसाठी तोच शहाणपणाचा. नोटरीसमोर, ठरावीक वर्षांचा करा. मुदतवाढीची अट आणि मालक वारला तर काय हे त्यात स्पष्ट लिहून घ्या. मालकाच्या बायकोची सही घ्या. जमीन वडिलोपार्जित असेल तर सगळ्या भावंडांच्या सह्या घ्या, जकार्तात राहणाऱ्या बहिणीचीही. पुढचे बहुतेक वाद त्या एका राहिलेल्या सहीतून निघतात.

10. विश्वासू मित्राच्या नावावर घेऊन आपसात करार केला तर?

करू नका. कायद्याच्या कलम 26 नुसार परदेशी माणसाला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे मालकी देणारा व्यवहार मुळातच रद्दबातल आहे, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. सोबत कर्जाचा करार करा, मुखत्यारपत्र घ्या, अशा युक्त्या सांगणारे दलाल भेटतील. त्या सगळ्या अप्रत्यक्ष व्यवहारातच मोडतात. मित्र प्रामाणिक असला तरी तो अपघातात जाऊ शकतो, त्याचा घटस्फोट होऊ शकतो, त्याच्यावर कर्ज होऊ शकतं. त्या दिवशी जमिनीच्या सर्टिफिकेटवरचं नाव त्याचं असतं आणि वारस त्याचे असतात. निवृत्तीची पुंजी अशी लावलेली माणसं मला लिहितात तेव्हा त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नसतं. म्हणून हे आधीच सांगते आहे.

11. माझा नवरा (किंवा बायको) इंडोनेशियन आहे. मग तर अडचण नाही ना?

आहे, आणि ती लग्नाच्या नोंदणीच्या दिवशीच सुरू होते. 1974 च्या विवाह कायद्यानुसार लग्नानंतर मिळवलेली संपत्ती दोघांची सामाईक असते. एक जोडीदार परदेशी असला की सामाईक मालकीतून त्यालाही हिस्सा गेला असं धरलं जातं, आणि मग इंडोनेशियन जोडीदाराचा पूर्ण मालकीचा हक्कही धोक्यात येतो. त्यावरचा उपाय म्हणजे संपत्ती वेगळी ठेवण्याचा करार. पूर्वी तो लग्नाआधीच करावा लागे. घटनात्मक न्यायालयाने 2016 मध्ये दिलेल्या निकालापासून लग्नानंतरही करता येतो. नोटरीकडे करा, विवाह नोंदणी कार्यालयात नोंदवा, आणि जमीन त्यानंतरच घ्या.

इंडोनेशियन जोडीदार आधी गेला तर? वारसाने आलेली पूर्ण मालकी परदेशी जोडीदाराला एका वर्षाच्या आत विकावी किंवा हस्तांतरित करावी लागते. ती मुदत चुकली तर हक्कच संपतो. दुःखाच्या दिवसांत वर्ष कसं सरतं ते कळत नाही. म्हणून हे दोघांनी बसून आधीच ठरवून ठेवावं.

12. विकणाऱ्याकडे "लेटर सी" आणि कराच्या पावत्या आहेत. चालेल?

आपल्याकडचा सातबारा डोळ्यापुढे आणा. लेटर सी किंवा गिरिक ही मुळात महसुलाची नोंद आहे, कर कोण भरतं याची. दरवर्षीची मालमत्ता कराची पावतीही तशीच. ही मालकीची पत्रं नाहीत. मालकीचा पुरावा म्हणजे राष्ट्रीय भूमी कार्यालयाचं, बीपीएनचं, सर्टिफिकेट. 2021 च्या नियमाने जुन्या प्रथागत कागदांना नोंदणीसाठी पाच वर्षं दिली होती. ती मुदत फेब्रुवारी 2026 मध्ये संपली आणि आता असे कागद फारतर दिशादर्शक मानले जातात. 2017 पासून सरकार गावोगाव सरसकट नोंदणी करत आहे, त्यामुळे कागद अजून जुनेच का, हा प्रश्न विकणाऱ्याला जरूर विचारा. कधी उत्तर साधं असतं, भावंडांत वाटणीच झालेली नसते. कधी जमिनीवर वाद असतो.

व्यवहार पीपीएटी म्हणजे अधिकृत जमीन दस्त अधिकाऱ्यासमोर होतो आणि तो आधी बीपीएनकडून सर्टिफिकेट तपासून घेतो. विकणाऱ्याला 2.5 टक्के आयकर आणि घेणाऱ्याला सूट वजा जाता 5 टक्के संपादन कर लागतो. "किंमत कमी दाखवू, दोघांचा फायदा" असं कुणी म्हटलं तर उठून या.

13. योग्यकर्त्याच्या जमिनीबद्दल काहीतरी वेगळं ऐकलं. ते काय?

हा देशातला खास प्रांत आहे. सुलतान हेच राज्यपाल असतात, आणि 2012 च्या विशेष दर्जा कायद्याने सुलतानघराणं व पाकुआलाम घराणं यांना जमिनीची मालकी मान्य केली आहे. सुलतानाच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबं आहेत. त्यांच्याकडे राजवाड्याचं केकान्चिंगान नावाचं परवानापत्र असतं किंवा असायला हवं. ते वापरापुरतं असतं, विकण्यासाठी नाही.

गावाची सामायिक जमीन हा आणखी एक प्रकार. तिचा काही भाग लुराह आणि डुकुह यांना पगाराचा भाग म्हणून कसायला दिलेला असतो, त्याला पेलुंगुह म्हणतात. त्यावर घरं बांधून "स्वस्तातला बंगला, 20 वर्षांचा करार" अशा जाहिराती झाल्या. राज्यपालांच्या परवानगीशिवाय असा वापर बेकायदेशीर आहे. 2022-23 मध्ये स्लेमानमध्ये अशा बांधकामांना टाळं लागलं आणि माणसं तुरुंगात गेली. आजूबाजूच्या भावापेक्षा किंमत खूपच कमी असेल तर पहिला प्रश्न हाच: ही गावाची सामायिक जमीन आहे का? कालुराहान कार्यालयात नकाशा पाहायला मिळतो.

भारतीय वंशाचा माणूस इंडोनेशियन नागरिक झाला तरी आणखी एक पेच राहतो. 1975 च्या प्रांतिक आदेशानुसार "बिगर-मूळनिवासी" नागरिकांना इथे पूर्ण मालकी दिली जात नाही, इमारत-हक्क, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता बांधकामाचा हक्क, दिला जातो. व्यवहारात याचा फटका मुख्यतः चिनी वंशाच्या नागरिकांना बसला आहे. मला हा आदेश अन्यायाचा वाटतो, पण तो आहे हे गृहीत धरूनच नोटरीशी बोला.

14. सासरची भातशेती आहे. आम्ही जकार्तात राहून ती नावावर ठेवू शकतो का? गहाण टाकलेलं शेत सोडवायचंय, त्याचं काय?

शेतजमिनीचा मालक त्याच कापानेवोनमध्ये (किंवा लगतच्या) राहणारा असावा, असा 1961 पासूनचा नियम आहे. अंमलबजावणी सैल असली तरी नाव बदलताना तो पुढे येतो. शेत कसायला देण्याची जुनी रीत आहे: मारो म्हणजे निम्मं-निम्मं, मेर्तेलू म्हणजे तीन वाटे. बियाणं आणि खत कुणाचं हे तोंडी न ठेवता लिहून घ्या. आणि भातशेतीवर घर बांधायचा विचार असेल तर आधी चौकशी करा. 2021 मध्ये योग्यकर्त्यासह आठ प्रांतांतली भातशेती संरक्षित नकाशावर घेतली गेली.

गहाण शेताबद्दलचा नियम फार थोड्यांना माहीत असतो. पैसे देऊन शेत ताब्यात घेतलेल्या माणसाने ते सात वर्षं किंवा जास्त कसलं असेल तर उभं पीक निघाल्यावर महिन्याभरात ते मालकाला परत करायचं, एकही रुपया न घेता. हाही 1960 चाच, पण वेगळा कायदा आहे. सात वर्षांत पिकाच्या रूपाने कर्ज फिटलं, असं तो मानतो. सासूबाई अजून "सोडवायला पैसे हवेत" म्हणत असतील तर गहाण कधी टाकलं ते आधी विचारा.

15. मेरापी जवळ आहे. तिथे राहणं वेडेपणा नाही का?

अंतर आणि नदी या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. राखेची तप्त लाट नदीच्या दरीतून खाली येते, म्हणून शिखरापासून आठ किलोमीटरवरची टेकडी कधी कधी बारा किलोमीटरवरच्या नदीकाठापेक्षा बरी. लाटेची दिशाही बदलते. नोव्हेंबर 1994 मध्ये ती बोयोंग नदीच्या बाजूला वळली आणि तुर्गो वाडीत लग्नाला जमलेली माणसं तिच्यात सापडली. जून 2006 मध्ये गेंदोल नदीच्या बाजूला कालियादेमच्या बंकरमध्ये आसरा घेतलेल्या दोघांचा मृत्यू झाला. 26 ऑक्टोबर 2010 ला किनाहरेजो वाडीत पर्वताचे रखवालदार म्बाह मारिजान गेले. 5 नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतरच्या सगळ्यात मोठ्या उद्रेकात गेंदोलकाठी शिखरापासून दहा किलोमीटरहून लांब असलेली घरंही जळाली. धोक्याचा परीघ 20 किलोमीटरपर्यंत वाढवावा लागला. त्या वर्षी साडेतीनशेहून जास्त माणसं गेली.

धोक्याच्या पातळ्या चार: नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास. मेरापी 5 नोव्हेंबर 2020 ला सियागावर गेला, म्हणजे तिसऱ्या पातळीवर, आणि नंतर वर्षानुवर्षं तिथेच राहिला आहे. लोक त्याची सवय करून घेतात, आणि मला काळजी वाटते ती या सवयीचीच. घर बघताना कालुराहानमधला आपत्तीप्रवण क्षेत्राचा नकाशा मागा. तिसऱ्या, म्हणजे सर्वांत धोक्याच्या पट्ट्यात घर घेऊ नका, दृश्य कितीही सुंदर असलं तरी. 2010 नंतर तिथल्या अनेक कुटुंबांना पागेर्जुरांगसारख्या नव्या वसाहतींत हलवलं गेलं, ते उगीच नाही.

16. खाली उतरायचा आदेश आला तरी लोक परत वर का जातात?

गाईंसाठी. वरच्या वाड्यांचं रोजचं उत्पन्न दुधावर आहे, आणि दोन वेळा चारा न मिळालेली गाय ओरडत असते हे छावणीत बसलेल्या माणसाला माहीत असतं. 2010 मध्ये चारा घालायला वर गेलेल्यांपैकी काही परतले नाहीत. आता गुरांसाठी वेगळे निवारे नेमलेले असतात आणि गुरं आधी हलवतात. शेजारच्या मागेलांग जिल्ह्यात तर धोक्यातली गावं सुरक्षित गावांशी आधीच जोडून ठेवली आहेत: कुणी कुणाकडे जायचं ते ठरलेलं असतं.

तुम्ही भाड्याने राहत असलात तरी आरटीच्या यादीत तुमचं नाव, तुमच्याकडच्या वाहनात किती जागा आणि शेजारच्या कुठल्या म्हाताऱ्या माणसाला न्यायचं, हे लिहिलेलं असलं पाहिजे. नसेल तर पुढच्या सभेत (प्रश्न 3) लिहून घ्या. दाराजवळच्या पिशवीत सर्टिफिकेटची प्रत, पासपोर्ट, औषधं, मास्क आणि गॉगल. राखेत काच असते, डोळे चोळू नका.

17. उद्रेक नसतानाही नदीकाठी धोका असतो का?

असतो, पावसाळ्यात. वर साचलेली राख आणि दगड पावसाबरोबर खाली येतात. जानेवारी 2011 मध्ये पुतिह नदीच्या अशा लोंढ्याने मागेलांग-योग्यकर्ता रस्ता बंद पाडला होता. तुमच्या अंगणात ऊन असलं तरी वर पाऊस असू शकतो. वाळूच्या खाणीत फोटो काढायला उतरू नका.

18. भूकंपासाठी घर बघताना काय पाहायचं?

27 मे 2006 च्या पहाटे 5:53 ला बान्तुल-क्लातेन भागात भूकंप झाला आणि 5,700 हून जास्त माणसं गेली. बहुतेक जण सळया नसलेल्या विटांच्या भिंती आणि जड कौलांखाली. जुनी लिमासान पद्धतीची लाकडी घरं हलली, कौलं सांडली, पण सांगाडा बऱ्याच ठिकाणी उभा राहिला. म्हणून चार गोष्टी बघा: कोपऱ्यांत सळईचे खांब आहेत का, भिंतीच्या वर आणि खाली काँक्रीटचा पट्टा फिरलाय का, दर्शनी त्रिकोणी भिंत सांगाड्याला जखडलेली आहे की नुसती उभी, आणि पलंग कुठल्या भिंतीला लागून आहे. शेवटची गोष्ट आज रात्रीच बदलता येते.

19. आजारी पडलो किंवा साप चावला तर?

ताप, जखम, लस यासाठी पुस्केस्मास म्हणजे सरकारी आरोग्य केंद्र. मोठ्या दुखण्याला योग्यकर्त्याचं सार्जितो रुग्णालय. सहा महिने किंवा जास्त काम करणाऱ्या परदेशी माणसाला बीपीजेएस आरोग्य विम्यात नाव घालावंच लागतं. डेंग्यू आहे. वोल्बाकिया जिवाणू असलेले डास सोडण्याच्या योग्यकर्ता शहरातल्या प्रयोगात डेंग्यू 77 टक्क्यांनी कमी झाला, तरी न्हाणीघरातला पाण्याचा हौद दर आठवड्याला रिकामा करून घासायचाच. भातखाचरात पायाला जखम असताना उतरू नका, लेप्टोस्पायरोसिस होतो.

साप: देशात बनणारं प्रतिविष तीन सापांवर आहे, थुंकणारा नाग, पट्टेरी मण्यार आणि मलायन पिट व्हायपर. त्यात वेलिंग जातीची मण्यार नाही, आणि तीच रात्री घरात शिरते. चावा दुखत नाही म्हणून झोपून जाऊ नका. अवयव न हलवता फळीला बांधा आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा, कारण श्वासाला यंत्र लागू शकतं.

20. शेजाऱ्याची आजारी गाय कापली आणि मांस वाटलं. नाही कसं म्हणायचं?

शेजारच्या गुनुंगकिदुल जिल्ह्यात याला ब्रांदू म्हणतात. सगळ्यांनी थोडं थोडं मांस विकत घेऊन मालकाचं नुकसान वाटून घ्यायचं, ही मूळची मायेची रीत आहे. पण 2023 मध्ये तिथे याच वाटेने अँथ्रॅक्स पसरला आणि माणसं गेली. पैसे द्या, मांस घेऊ नका, आणि पशुवैद्यकीय केंद्राला कळवा. शेजाऱ्याला पैशांचीच गरज असते.

21. आम्ही लग्न न करता एकत्र राहतो. गावात चालेल का?

जानेवारी 2026 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात विवाहबाह्य संबंध आणि लग्नाविना सहवास हे गुन्हे आहेत, पण तक्रार फक्त पती-पत्नी, आईवडील किंवा मुलंच करू शकतात. शेजारी किंवा आरटी नाही. असं असलं तरी नोंदणीच्या वेळी (प्रश्न 2) आरटी प्रमुख नातं विचारेल आणि वाडीत ते आवडणार नाही. शहरालगत राहणं तुमच्यासाठी सोपं जाईल.

22. सहा महिने भारतात जाणार आहोत. बंद घराचं काय?

आरटी प्रमुखाला परतीची अंदाजे तारीख सांगा. किल्ली एका शेजाऱ्याकडे ठेवा आणि दुसऱ्याला ते माहीत असू द्या. जिम्पितान आणि सभेची वर्गणी आगाऊ भरा. वीज प्रीपेड असते, फ्रीज रिकामा करून बंद करा, बाहेरच्या एका दिव्यापुरते युनिट ठेवा. मालमत्ता कराची नोटीस डुकुहमार्फत घरी येते, ती कोण घेणार ते ठरवा. हौद पालथा किंवा कोरडा ठेवा. जायच्या आदल्या दिवशी शेजाऱ्याला सोबत घेऊन हद्दीचे चारही दगड बघा आणि प्रत्येकाचा फोटो घ्या, मागे झाड किंवा भिंत दिसेल असा. पावसाळ्यात गवत वाढून दगड झाकले जातात, आणि कुंपण दुरुस्त करताना हातभर सरकणं बहुधा नकळत घडतं.